दोन खाचांचा कॅमेरा

९ नोव्हेंबर

दादा,

पत्ता आत्याकडून घेतला. तिने कशाला हवा ते विचारलं नाही, म्हणजे तुला हे पत्र पोचायच्या आधीच तिचा फोन आला असणार. आला असेल तर ती काय म्हणाली ते मला कळव.

काम छोटं आहे. माझ्या एका मैत्रिणीला फिल्मचा जुना कॅमेरा घ्यायचा आहे. हौस म्हणून. पैसे बेताचेच आहेत, पगाराच्या आठव्या भागापलीकडे जायचं नाही असं तिने ठरवलंय. बाजारात हल्ली या जुन्या कॅमेऱ्यांना काय भाव आलाय ते तुला ठाऊक असेलच. एक विक्रेता म्हणतो हाच घ्या, दुसरा म्हणतो तो सोडून काहीही घ्या. दोघंही खोटं बोलत असणार. मैत्रिणीला एवढंच हवंय की नुसता कॅमेरा नको, पुढे दोन लेन्स घेता येतील, बिघडला तर दुरुस्त होईल असं काहीतरी घ्यावं. तू मायक्रोस्कोप दुरुस्त करतोस म्हणे आता. म्हणजे बारीक स्क्रू अजून हातात आहेत.

फोन केला नाही. फोनवर माणूस आवाजाआड काहीही लपवू शकतो. कागदावर लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचून तपासता येतं.

बाकी चौकशी करत नाही. तूही करू नकोस.

तुझी बहीण (कागदोपत्री)


२४ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. सात ओळी, आणि त्यातही मायना नाही. आत्याने काय सांगितलं ते शिताफीने गाळलंस. असो.

तू लिहितोस, ‘मैत्रिणीला सांग, आधी लेन्स बघ, मग कॅमेरा. कॅमेरा नुसता डबा असतो. प्रसिद्ध कंपनीच्या मागे लागू नको, तिच्या लेन्सचे भाव नावामुळे चढलेत. फिरवून आट्यांनी बसणाऱ्या लेन्सचा कॅमेरा घे. त्या आट्यांच्या लेन्स बऱ्याच कंपन्यांनी काढल्या, म्हणून स्वस्तात मिळतात. सेल नसला तरी शटर चालेल असा घे. जुन्या पोस्टाच्या मागच्या गल्लीतल्या दुकानात जा. दुसरीकडे जाऊ नको.’

शेवटचं वाक्य मी चार वेळा वाचलं. दुसरीकडे का जायचं नाही? दोनशे किलोमीटरवर बसून तुला माझ्या गावातलं एकच दुकान कसं ठाऊक? तुझा त्यात काही हिस्सा आहे का?

तरी गेले. सोबत हे होते. यांचं नेहमीचंच, ‘अगं, फोनमध्ये कॅमेरा आहे की तुझ्या. चांगला आहे. पैसे भरलेत त्याचे.’ मी म्हटलं, मैत्रिणीसाठी आहे. हे म्हणाले, ‘कुठली मैत्रीण? तुला मैत्रीण आहे?’

बरं. नाही मैत्रीण. माझ्यासाठीच हवाय. तुला पहिल्याच ओळीत कळलं असणार, आणि तरी कार्डभर ‘मैत्रिणीला सांग, मैत्रिणीला सांग’ लिहीत बसलास. लहानपणापासून तुझी ही सवय आहे, समोरच्याला त्याच्या खोट्यात आरामात बसू द्यायचं.

दुकान दहा बाय आठचं असेल. मालक साठीचे, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बघा’ म्हणतात, म्हणून मी त्यांना बघाकाका म्हणते (मनात). काउंटरवर लेन्सच्या टोप्यांचा ढीग, तोही कशात, तर फोटोच्या कागदाच्या जुन्या डब्यात. सताड उघडा, वर ट्यूबलाइट! हात आपोआप झाकण शोधायला लागला. बाबांच्या स्टुडिओत आपण दोघं आणखी काही शिकलो असू-नसू, कागदाचा डबा उजेडात उघडायचा नाही हे हाडात शिरलंय. एकदा तू उघडला होतास आणि पन्नास कागद काळे झाले होते.

बघाकाकांनी दोन कॅमेरे काढले. एक त्या प्रसिद्ध कंपनीचा, चकचकीत, सेलवर चालणारा. दुसरा आट्यांच्या लेन्सचा, साधा, जड. बाबांकडे दोन होते तसलाच. त्या काळी गल्लोगल्ली तेच असायचे, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. त्याला नवं काळं कातडं लावलेलं. मी विचारलं, ‘कातडं नवं का? खाली काय लपवलंय?’

‘जुनं सुटलं होतं, बघा.’

‘आणि हा दुसऱ्याच्या निम्म्या किमतीत का?’

‘याला मागणी नाही, बघा. लोकांना नाव हवं असतं.’

मागणी नसलेली वस्तू दुकानदार पुढे करतो तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं. मी तासभर तपासलं. शेवटी हे बाहेर जाऊन उभे राहिले. बघाकाका म्हणाले, ‘ताई, तुम्ही काहीच नाही. एक गिऱ्हाईक होतं, आठ-नऊ वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी यायचं. हेच मॉडेल मागायचं, मागचं दार उघडायचं, एक क्षण बघायचं, बंद करायचं आणि निघून जायचं. एक टोपीसुद्धा विकत घेतली नाही, बघा. आता वर्ष झालं, येत नाही.’

मला विचारशील तर तो दुसऱ्या कुठल्या दुकानाचा हेर. असल्या दुकानाची तू शिफारस करतोस.

काही घेतलं नाही. तू सांग.

धाकटी


१३ डिसेंबर

दादा,

कार्ड पोचलं. या वेळी अकरा ओळी. प्रगती आहे.

तपासायची यादी दिलीस ते बरं केलंस. पण माझं काम विसरलास वाटतं. तेवीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर उभी आहे. एका शर्टात बावीस जागा तपासायच्या. कॉलरची टोकं, काजं, काखेचा जोड, बटणामागचा दोरा. माझ्या टेबलावरून पुढे गेलेला शर्ट परत येत नाही. निदान येत नव्हता. आता तिथे एक यंत्र आलंय, त्याला चार कॅमेरे. शर्ट खालून सरकतो आणि ते वरून बघतात. मला अर्धा दिवस ठेवलंय, यंत्राला शंका आली तर ती बघायला. म्हणजे आता शंकासुद्धा आधी यंत्र घेणार.

म्हणून दुपारी मोकळी असते. म्हणून कॅमेरा. कुणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवते.

तर शनिवारी पुन्हा गेले. कॅमेऱ्याच्याही बावीस जागा काढल्या. मागचं दार उघडून शटरचं कापड दिव्यासमोर धरलं, भोक नाही. दाराच्या कडेचा काळा स्पंज जुन्या कॅमेऱ्यांत चिकट होऊन गळतो असं तू लिहिलंस, इथे अगदी नवा. एका सेकंदाचा वेग लावून आवाज ऐकला. बाबा ऐकायचे तसा, कानाशी धरून. अडखळला नाही. लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशीची जाळी शोधली. लेन्स स्वच्छ. फोकसची कडी लोण्यासारखी फिरते.

दादा, चाळीस वर्षांचा कॅमेरा इतका निर्दोष नसतो. शर्टसुद्धा नसतो.

मी बघाकाकांना म्हटलं, ‘कुणीतरी हा पूर्ण उघडून साफ केलाय. इतकी मेहनत घेऊन या किमतीत कोण विकतं?’

ते भिंग पुसायला लागले. ‘हौशी माणसं असतात, बघा.’

‘नाव काय त्या हौशी माणसाचं?’

‘लक्षात नाही, बघा.’

ज्यांना वर्षापूर्वी यायचं थांबलेलं बिनखरेदीचं गिऱ्हाईक लक्षात राहतं त्यांना हे लक्षात नाही! बाहेर आल्यावर हे म्हणाले, ‘तू त्या माणसाला गुन्हेगार करून सोडलंस.’ मी म्हटलं, गुन्हा नसेल तर भिंग कशाला पुसतात? हे म्हणाले, ‘भिंग मळतं म्हणून.’

घेतला शेवटी. कारण दोष सापडला नाही, आणि दोष न सापडलेला माल नाकारायचा नियम आमच्या टेबलावर नाही. सोबत एक पन्नास मिलिमीटरची नेहमीची लेन्स. तू म्हणतोस तशी पुढे जास्त रुंद दिसणारी एक अठ्ठावीसची घेईन, त्या आट्यांची कुठलीही चालेल.

आता तुझी शेवटची ओळ. ‘पहिला रोल धुवून झाला की लॅबवाल्याला निगेटिव्ह कापू देऊ नको. अख्खी पट्टी उजेडावर धर आणि कडा बघ.’ फोटो बघ असं कुणीही म्हणेल. कडा का? काय आहे कडेला? तू मला काय दाखवायला निघालायस?

आणि हो. बाबा गेल्यावर स्टुडिओची जागा रिकामी केली त्याबद्दल दोन शब्द लिहिलेस, ‘तुला एकटीला पडलं.’ पडलंच होतं. मालकाने आठ दिवस दिले होते, तू कामाच्या जागी अडकलेला, मी रजा टाकून कपाटं उपसत होते. सगळं डोळ्यांखालून घातलं. एकूण एक वस्तू. बाबांच्या दोनपैकी माझा तो कॅमेरा तेव्हा तिथे नव्हता. एवढंच मी तेव्हा म्हटलं होतं आणि आजही म्हणते.

धाकटी


६ जानेवारी

दादा,

या पत्राचा मायना सगळ्यात शेवटी लिहिला.

रोल काल धुवून आला. लॅबवाल्याशी भांडून पट्टी अख्खी आणली. छत्तीस फोटो. आमची गच्ची, पाण्याची टाकी, यांची पाठ, शेजारच्या बाईंचं मांजर, कारखान्याचं फाटक. फोटो बरे आहेत. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

खिडकीशी पट्टी धरली. प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला दोन बारीक काळे दात. जवळजवळ, खेळण्यातल्या करवतीसारखे. छत्तीसच्या छत्तीस फोटोंना.

तुला समजावून सांगायची गरज नाही, पण लिहिते, म्हणजे मी काय बघितलं ते तुला नाकारता येणार नाही. बाबांनी दोन्ही कॅमेऱ्यांच्या आत, फिल्म ताणून बसते त्या चौकटीला कानशीने खाचा पाडल्या होत्या. लग्नाच्या कामात दोन रोल एकाच टाकीत धुतले तरी कुठला कुठल्या कॅमेऱ्याचा ते कळावं म्हणून. खाचेतून उजेड शिरतो आणि फोटोच्या कडेला दात उमटतो. एक खाच तुझा, दोन खाचा माझा. सुट्टीच्या दिवशी आपल्याला एकेक रोल मिळायचा आणि धुतल्यावर तू ओरडायचास, ‘दोन दातवाली आली!’ तेव्हा माझे दुधाचे दात पडून पुढचे नवे दोनच आले होते.

हा माझा कॅमेरा आहे. अकरा वर्षांपूर्वी जो कपाटात नव्हता तो. कातडं बदलून, साफ करून, तू सांगितलेल्या दुकानात, तू सांगितलेल्या आट्यांचा. मी पैसे देऊन माझीच वस्तू विकत घेतली.

आता मला सगळं लख्ख दिसतंय. बाबा गेल्यावर मी सगळ्यांसमोर तुला विचारलं, काकांसमोर, माझ्या सासरच्यांसमोर, ‘तू विकलास ना?’ तू ‘नाही’ म्हणालास. एकदाच. दुसऱ्यांदा म्हणाला नाहीस, चप्पल घातलीस आणि निघालास. मला वाटलं, खरा माणूस दहा वेळा म्हणाला असता. पोरीच्या लग्नाची पत्रिका मी तुला पाठवली नाही. यांनी लिहून ठेवलेलं पाकीट मी कपड्यांखाली सरकवलं. यांना वाटतं, तू आला नाहीस. हे तुला माहीत नव्हतं, आता माहीत असू दे.

तर तू विकला होतास. कुठे तो हिंडला असेल, पुन्हा तुझ्या हाती लागला, आणि मन खायला लागलं म्हणून गुपचूप माझ्या गळ्यात घातलास. ‘कडा बघ’ म्हणजे काय, कबुलीजबाबच. पण तो तोंडाने द्यायचा, दादा. खाचांनी नाही.

उद्या दुकानात जाणार आहे. बघाकाका आता भिंग पुसून सुटणार नाहीत.


२ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. बरोबर केलंस. आलं असतं तर मी त्यातही काहीतरी शोधलं असतं.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे चौथं.

सात तारखेला दुकानात गेले. पट्टी काउंटरवर आपटली आणि म्हटलं, ‘हा कॅमेरा माझ्या वडिलांचा आहे. तुम्हाला तो माझ्या भावाने दिला. हो की नाही?’

बघाकाकांनी या वेळी भिंग पुसलं नाही. स्टूल पुढे सरकवलं. ‘बसा, ताई. ते म्हणालेच होते, तुम्ही येणार.’

‘काय म्हणाले होते?’

‘म्हणाले, एक बाई येईल, मैत्रिणीसाठी कॅमेरा बघायला. पंधरा वेळा तपासेल, चोर असल्यासारखं बोलेल. चिडू नका. तिचं डोळ्यांचं काम आहे.’

मी म्हटलं, ‘त्यांनी तो कधी विकला होता? आणि कुणाला?’

‘त्यांनी कुठे विकला? ते शोधत होते, बघा. ते दर दोन-तीन महिन्यांनी येणारं गिऱ्हाईक सांगितलं ना तुम्हाला, मागचं दार उघडून बघणारं? तेच ते. इथेच नाही, अशी किती दुकानं पालथी घातली असतील त्यांनी. गेल्या वर्षी सापडला. माझ्याकडेच.’

दुसऱ्या दुकानाचा हेर म्हणून ज्याची मी खिल्ली उडवली तो तू. दार उघडून एक क्षण बघायचास. एकही खाच नाही, बंद. पुढचा. आठ-नऊ वर्षं.

मी तरी थांबले नाही. माझी सवय तुला माहीत आहे. ‘मग तुमच्याकडे कुठून आला?’

‘भंगाराच्या गोदामातून, बघा. गोदाम बंद झालं तेव्हा फोटोच्या कागदाचे अकरा डबे मी एकगठ्ठा उचलले, टोप्या-बिप्या ठेवायला. मुदत संपलेला कागद होता. एकात कागद नव्हता. काळ्या पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा होता.’ आणि त्यांनी काउंटरवरच्या डब्यावर बोट ठेवलं. ‘यातच.’

टोप्यांचा तो डबा. झाकण त्याच्या बुडाखाली उलटं सरकवलेलं होतं. मी ओढून काढलं आणि सुलट केलं.

बाबांचं अक्षर. लाल पेन्सिल. ‘फोडलेला डबा. अंधारातच उघडणे.’

दादा, आता मी जे लिहिते ते मी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. तुला लिहिलं ना, एकूण एक वस्तू डोळ्यांखालून घातली? कागदाचे डबे सोडून. ते अकरा डबे मी मोजले, मुदत बघितली, सगळी उलटून गेलेली, आणि भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवले. एकही उघडला नाही. उघडणार कशी? दुपारचे बारा वाजले होते, खिडक्या उघड्या होत्या. एक डबा जड लागला होता. हातात घेऊन क्षणभर थांबले होते, हेही मला आठवतंय. वाटलं, याच्यात जास्त कागद असेल. वाया जाणार म्हणून वाईटही वाटलं. पण उजेडात डबा उघडायचा नाही.

दुसऱ्या कुणाचीही मुलगी असती तर तिने झाकण काढून बघितलं असतं.

आणि बाबांनाही हेच माहीत होतं. ते जायच्या आदल्या वर्षी शेजारचं घड्याळाचं दुकान फुटलं, आठवतं? त्यांनी जागा अशी शोधली की चोर कागद म्हणून सोडून देईल आणि घरचं कुणी हात लावणार नाही. आपल्याला सांगायचं राहून गेलं. किंवा त्यांना वाटलं असेल, ही पोरं कधीतरी अंधारात तो डबा उघडतीलच.

मी बघाकाकांना विचारलं, ‘हे झाकण भावाने बघितलं?’

‘बघितलं तर. बराच वेळ हातात घेऊन उभे होते. मी विचारलं, कुणाचं अक्षर? म्हणाले, वडिलांचं. मग म्हणाले, स्टुडिओ बहिणीने आवरला होता. एवढंच.’

म्हणजे तुला वर्षभर माहीत होतं. कॅमेरा कुणी घालवला ते. तू एका पत्राने मला गारद करू शकला असतास. आत्याला सांगितलं असतंस तरी पुरे होतं, चार दिवसांत सगळ्या नातेवाइकांत झालं असतं. त्याऐवजी तू घरी बसून शटर उघडलंस, स्पंज बदलला, कातडं लावलंस. आणि ठेवून दिलास, मला कसा द्यायचा ते न कळून. मग माझं पत्र आलं, मैत्रिणीचं.

मी म्हटलं, ‘मग हे झाकण ते सोबत का घेऊन गेले नाहीत? मला कळलंच नसतं.’

बघाकाका म्हणाले, ‘कॅमेरा विकायला ठेवायला आले तेव्हा न्यायला निघाले होते, बघा. दारापर्यंत गेले. परत आले, लिहिलेली बाजू खाली करून डब्याखाली सरकवलं. म्हणाले, राहू दे. तिच्या नजरेतून सुटलं तर सुटलं. नाही सुटलं तर मी तरी काय करू?’

हे ऐकून मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. तू नुसता चांगुलपणा केला असतास तर मला तो सोसला नसता, मी त्यातही खोट काढत बसले असते. तुलाही वाटत होतं ना, मला कळावं असं? थोडं तरी? वाटायलाच हवं होतं. अकरा वर्षं.

एक गोष्ट मात्र अजून खटकते आहे. कॅमेरा घेताना बावीस जागा तपासल्या. मागचं दार उघडं होतं, चौकट समोर होती. तिथे बोट फिरवायला एक क्षण लागला असता, आणि कुठल्या मुलीला ते सुचायला हवं होतं तर मला. मी ते टाळलं का? रोज रात्री स्वतःला विचारते आणि स्वतःच्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही. बहुतेक मला कपाट आवरलं त्या दिवसापासूनच तो जड डबा कुठेतरी टोचत होता. म्हणून तर तुला सगळ्यांसमोर विचारलं, एकट्याला नाही. एकट्याला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, ‘डबे बघितलेस का?’

तू विकला नाहीस. मी घालवला. हे मी यांना सांगितलं, पत्रिकेचंही सांगितलं. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, ‘तुझ्या भावाला आधी सांग, मग माझी माफी माग.’ आज आत्यालाही फोन करणार आहे, म्हणजे उद्यापर्यंत सगळ्यांना कळेल. जे सगळ्यांसमोर बोलले ते सगळ्यांसमोरच मागे घ्यायला हवं. पोरीने विचारलं, ‘मामाला मी पत्र लिहू का?’ मी म्हटलं, लिही, पण आधी मला दाखव. मग म्हटलं, नको दाखवूस.

बघाकाकांनी टोप्या ओतून डबा मला दिला. पैसे घेतले नाहीत. का घेतले नाहीत ते मी विचारलं नाही, याची नोंद घे.

आता तो डबा माझ्यासमोर आहे. कॅमेरा पुन्हा त्याच्यात ठेवलाय, काळ्या पिशवीसकट. आत दुसरा रोल आहे. अठरा फोटो मी काढलेत, अठरा शिल्लक आहेत, ते तू काढायचेस. पाठवणार होते, पण कुरिअरवाल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. पार्सलं फेकतात, मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून रविवारी सकाळच्या बसने मीच घेऊन येते. अकराच्या सुमाराला पोचेन. घरी नसलास तर पायरीवर बसेन. आणि दार उघडायचं नसेल तर नको उघडूस, डबा बाहेरून हातात घे.

फक्त एक कर. दिवे घालवू नकोस, खिडक्या लावू नकोस. उजेडातच उघड.

धाकटी